झाडाला त्या वर्षी काय कमी पडलं? वृक्षवलयांवरून जुनं तापमान शोधू पाहणाऱ्यांसाठी गोव्यातून सुरुवात

रुंद वलय म्हणजे उबदार वर्ष आणि अरुंद वलय म्हणजे थंड वर्ष, अशी समजूत घेऊन बरेच जण या अभ्यासाकडे येतात. वाळपईच्या किंवा सांग्याच्या वखारीतला सागाचा ओंडका समोर ठेवून हे सूत्र लावलं, तर निघणारं उत्तर हमखास चुकीचं असतं. वाढीच्या हंगामात ज्या गोष्टीची वानवा असते, त्या गोष्टीने झाडाची वाढ अडते आणि वलयात उमटते ती हीच वानवा. त्यामुळे या जागी, या जातीला नेमकं काय कमी पडतं, हा प्रश्न गिरमिट हाती घेण्याआधी सोडवायचा असतो.

हिमालयात किंवा उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशांत, जिथे झाडांची शेवटची ओळ संपून उघडं माळरान सुरू होतं, तिथे उन्हाळ्यातली ऊब अपुरी पडते. तिथल्या सूचिपर्णी झाडांच्या वलयांतून तापमान वाचता येतं. गोव्यात पणजीच्या सर्वांत थंड आणि सर्वांत गरम महिन्यांच्या सरासरी तापमानात जेमतेम चार-पाच अंशांचा फरक असतो. ऊब इथे कधीच कमी पडत नाही. बदलतं ते पाणी. साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि जांभ्या दगडावरची माती तो फार काळ धरून ठेवत नाही. जानेवारीनंतर सागाची पानं गळतात, सालीखालचा वाढीचा थर झोपी जातो, आणि वळवाच्या सरी येऊन गेल्या की पुन्हा जागा होतो. म्हणून गोव्यातला साग बोलतो तो ओलाव्याबद्दल: पाऊस कधी आला, किती लांबला, आदल्या वर्षी किती साठा उरला.

तापमान इथे आडवाटेने शिरतं. एप्रिल-मेचा कडक उन्हाळा मातीतला उरलासुरला ओलावा ओढून घेतो आणि वलय अरुंद होतं. पश्चिम हिमालयातल्या कोरड्या उतारांवरच्या देवदारातही हेच दिसतं: मार्च ते मे जितका तापतो, तितकं वलय बारीक. नातं आहे, पण उलटं. हे ठाऊक नसलेला माणूस गरम वर्षाला थंड म्हणून मोकळा होतो.

त्यामुळे नवख्यांनी दोन टप्पे करावेत. हात बसवण्यासाठी गोव्यातला साग घ्यावा. तापमानाची गणितं शिकण्यासाठी आंतरराष्ट्रीय वृक्षवलय संग्रहातल्या, वृक्षरेषेजवळच्या सूचिपर्णी झाडांच्या मोजमापांच्या फायली उतरवून घ्याव्यात. त्या फुकट मिळतात आणि पद्धत दोन्हीकडे एकच आहे. जुन्या हवामानाचा शोध गोव्याला नवा नाही: दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्रतळाचा गाळ अभ्यासला जातो आणि वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात बर्फाचे गाभे. लाकडाचा फायदा एवढाच, की ते सुताराकडेही सापडतं आणि त्यातलं एकेक वर्ष सुटं वाचता येतं.

कोणतं झाड चालेल

माड, माडी (सुपारीचं झाड) आणि भेडल्या माडाचा विचार सोडा. ताडकुळातल्या झाडांना वलयंच नसतात. आंबा आणि फणस यांच्या फळीवर रेषा दिसतात, पण त्या दरवर्षी एक अशा हिशेबाने पडलेल्या असतीलच असं नाही, आणि कडाही पुसट असतात. कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागायतीच्या, काठावरची झाडं बारमाही पाण्यावर असतात. त्यांना वानवा नाही, म्हणून त्यांच्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही. साग मात्र भरवशाचा. जावा बेटावर 1931 साली सागाची दीर्घ वलयमालिका प्रसिद्ध झाली होती. भारतात पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ठाण्याच्या जंगलातल्या सागावर काम केलं, आणि केरळमधल्या सागाची 523 वर्षांची मालिका 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. तीतही पावसाच्या तुटीचा आणि एल निनोचा माग निघाला, तापमानाचा नव्हे.

जागा निवडताना उतारावरची, उथळ मातीची, पाण्यापासून दूरची झाडं घ्या. ओढ्याकाठचा डेरेदार साग फोटोसाठी बरा.

नमुना: वखारीतली चकती की जिवंत झाडातली कांडी

चकतीपासून सुरुवात करा. तीत पूर्ण वर्तुळ दिसतं, म्हणून वलय कुठे फाटलं, कुठे विरलं हे डोळ्यांनी पटतं. कांडीत, म्हणजे गिरमिटाने काढलेल्या लाकडाच्या बारीक दांडीत, फक्त एक रेघ मिळते. वखारवाल्याकडून बुंध्याच्या बाजूची 5 ते 8 सेंटीमीटर जाडीची चकती मागा. त्याहून पातळ चकती वाळताना तडकते. साल शाबूत हवी, आणि तोडीची तारीख विचारून घ्या, कारण सालीखालच्या शेवटच्या वलयाचं वर्ष त्या तारखेवर ठरतं. एप्रिलमध्ये तोडलेल्या झाडाचं शेवटचं पूर्ण वलय आदल्या वर्षाचं असतं. ऑगस्टमधल्या वादळात पडलेल्या झाडाला त्याच वर्षाचं अर्धवट वलय असतं. त्याचं वर्ष लिहायचं, रुंदी मात्र हिशेबात धरायची नाही.

एकाच लागवडीतल्या किमान दहा झाडांच्या चकत्या हव्यात, पंधरा-वीस मिळाल्या तर उत्तम. चकतीवर मार्करने क्रमांक टाका आणि वहीत जागा, उताराची दिशा, बुंध्यापासूनची उंची नोंदवा. लागवडीची विरळणी कोणत्या वर्षी झाली हे वनखात्याकडे विचारायला विसरू नका. शेजारची झाडं काढल्यावर उरलेल्यांची वलयं पुढची काही वर्षं एकदम रुंदावतात. ही विरळणी माहीत नसेल तर ती वर्षं चांगल्या पावसाची वाटतात.

जुन्या घराच्या तुळया आणि वासे मोहात पाडतात. पण सुताराने बाहेरचं पांढरट लाकूड तासून टाकलेलं असतं, आणि त्याबरोबर शेवटची कित्येक वर्षंही. लाकूड कुठल्या रानातून आलं हे कळत नसेल, तर ते गोव्याच्या हवामानाचं म्हणून वापरता येणार नाही.

जिवंत झाडातून कांडी काढायची असेल तर आधी परवानगी. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला या अभयारण्यांत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय झाडाला हात लावायचा नाही. खासगी जागेतही मालकाची संमती घ्या आणि वनखात्याला विचारा; गोव्यात 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे.

कांडी काढण्याच्या गिरमिटाला इन्क्रिमेंट बोरर म्हणतात. त्याचे तीन भाग: आडवी मूठ, पोकळ पातं आणि आत सरकणारा लांब चमचा. 5.15 मिलिमीटर व्यासाची कांडी देणारा बोरर नेहमीच्या कामाला पुरतो. सागासारख्या कठीण लाकडाला दोन आट्यांचं पातं घ्या. तीन आट्यांचं मऊ लाकडात भराभर शिरतं, पण सागात अडकण्याची भीती जास्त. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. पात्याला मेण चोळा. जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर, उताराला आडवं, म्हणजे डोंगराच्या कडेने, भोक पाडा. उताराच्या वरच्या-खालच्या अंगाला झाड स्वतःला सावरण्यासाठी वेडंवाकडं लाकूड घालतं. सागाच्या बुंध्याला खोबणी असतात; खोबणीत वलयं चिमटून एकमेकांत मिसळतात, म्हणून फुगवट्यावरच पातं टेकवा. गाभ्यापर्यंत पोचलात की चमचा सरकवा, पातं अर्धा फेरा उलट फिरवून कांडी तोडा, ती बाहेर काढा आणि पातं ताबडतोब उलगडून घ्या. पातं आत ठेवून पाणी प्यायला गेलात तर लाकूड त्याला आवळतं आणि मग मूठ मोडायची वेळ येते. दर झाडाला दोन कांड्या, वेगवेगळ्या बाजूंनी.

कांड्या कागदी नळीत ठेवा. प्लॅस्टिकच्या नळीत ओल कोंडून गोव्याच्या हवेत दोन दिवसांत बुरशी येते. हे काम डिसेंबर ते मार्चमध्ये करावं हे बरं.

वाळवणं, बसवणं, घासणं

चकत्या सावलीत, खाली पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशा वाळवा. उन्हात ठेवल्या की गाभ्यापासून सालीपर्यंत चीर जाते. चीर पडलीच तर मोजणीची रेघ तिच्यापासून दूर धरा. पांढऱ्या लाकडात भुंगेरे लवकर शिरतात आणि नेमकी ताजी वलयं, ज्यांच्यावर सगळ्या तारखांचा आधार, तीच पोखरून टाकतात. महिन्यातून एकदा चकत्या उलटून खाली भुकटी पडली आहे का ते पाहा.

कांडी दोन-तीन आठवडे वाळल्यावर खाच पाडलेल्या लाकडी पट्टीत फेविकॉलने बसवायची. इथे नवख्यांची सर्वांत मोठी चूक होते. कांडीचे तंतू उभे, म्हणजे पट्टीला काटकोनात राहायला हवेत, तरच घासल्यावर आडवा छेद दिसतो. कांडी बोटांत फिरवून बघा: तिच्या दोन बाजू चकाकतात, दोन मंद असतात. चकाकणाऱ्या बाजू डाव्या-उजव्या कडेला ठेवा. उलटी बसली तर घासून घासूनही फक्त उभ्या रेषा दिसतात. कांडी पिळली असेल तर वाफेवर धरून हलक्या हाताने सरळ करा, सुकेपर्यंत दोऱ्याने बांधा.

मग पॉलिश पेपर. 80 किंवा 100 नंबरने करवतीच्या खुणा घालवा, पुढे 150, 220, 320, 400 आणि 600. प्रत्येक नंबरनंतर भुकटी ब्रशने झाडा, नाहीतर मागच्या कागदाचा जाड कण पुढच्या कागदाखाली ओरखडे काढत राहतो. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढचा हातात घ्यायचा नाही. इथे घाई केली की अरुंद वलयं दिसत नाहीत, आणि चुकलेलं एक वलय मागची सगळी वर्षं एकाने सरकवतं. 600 नंतरही कडा धूसर असतील तर 1000 वापरा, आणि पृष्ठभागावर पांढरा खडू चोळून पुसा. खडू मोठ्या छिद्रांत भरतो आणि वलयाची सुरुवात ठळक दिसते. सागाची भुकटी नाका-डोळ्यांना झोंबते, मास्क बांधा.

खरं वलय आणि फसवं वलय

सागात वर्षाच्या सुरुवातीला मोठी छिद्रं ओळीने येतात आणि त्यांच्याबरोबर फिकट रंगाचा एक पट्टा. पावसाळा सरता सरता छिद्रं बारीक आणि विरळ होत जातात. पुढच्या वर्षी पुन्हा एकदम मोठी छिद्रं. ही एकदम बदलणारी कड म्हणजे वर्षाची सीमा. दहापट भिंगाने ती दिसायला हवी. शक्य असेल तर 20 ते 40 पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक वापरा.

जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली की वाढ थांबते, पाऊस परतला की पुन्हा सुरू होते, आणि मध्येच एक सीमा असल्यासारखं वाटतं. हे फसवं वलय. त्याची कड दोन्ही अंगांनी हळूहळू बदलते आणि चकतीभर फिरवून पाहिली तर कुठेतरी विरून जाते. खरी कड पूर्ण वर्तुळ करते. उलट, फार वाईट वर्षी झाड काही भागात वलय घालतच नाही. ते कांडीत सापडत नाही; चकतीत दुसऱ्या बाजूला सापडू शकतं. शिवाय सागाची पानं फस्त करणारी हायब्लिया नावाच्या पतंगाची अळी असते. नव्या पालवीवर तिची धाड पडली की पाऊस चांगला असूनही वलय अरुंद निघतं.

कालजुळणी

नुसती मोजणी आणि वृक्षवलयशास्त्र यांच्यातला फरक इथे आहे. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रीत बसवली आणि 1937 मध्ये ॲरिझोनातल्या टूसानला यासाठीची प्रयोगशाळा उभी राहिली. एकाच हवामानात वाढलेल्या झाडांमध्ये अरुंद-रुंद वलयांचा क्रम सारखा असतो. त्या क्रमावरून प्रत्येक वलयाला नेमकं वर्ष द्यायचं.

सालीकडून आत मोजत जा. दर दशकाच्या वलयावर पेन्सिलीचा एक ठिपका, पन्नासाव्या वर्षी दोन, शतकाला तीन. नंतर आलेखाच्या कागदाची पट्टी घ्या, एका वलयाला एक रेघ. शेजारच्यांपेक्षा अरुंद असलेल्या वलयांवरच उभी रेघ ओढा: जितकं अरुंद तितकी उंच, जास्तीत जास्त दहा घरं. नेहमीच्या रुंदीची वलयं कोरी सोडा. तयार झालेल्या सांगाडा-आलेखाच्या पट्ट्या एकमेकींवर सरकवा. दोन पट्ट्यांच्या उंच रेघा एखाद्या ठिकाणापर्यंत जुळत असतील आणि तिथून मागे सगळ्या एका घराने चुकत असतील, तर नेमक्या त्या ठिकाणी एक वलय फसवं धरलं गेलं आहे किंवा एक सुटलं आहे. लाकडाकडे परत जा आणि भिंगाने तेवढाच भाग तपासा.

देशभरात पाऊस तुटल्याची 1918, 1965, 1972, 1987, 2002, 2009 ही वर्षं सर्वांना ठाऊक असतात, आणि अरुंद वलय दिसलं की ते 1972 चंच असं मानायचा मोह होतो. तो आवरा. हवामानाची नोंद पाहून वलयाला वर्ष दिलं आणि मग वलयावरून हवामान काढलं, तर आपण फक्त आपलंच म्हणणं परत ऐकतो. वर्ष ठरतं ते झाडांच्या आपसातल्या मेळावरून. शिवाय देशात पाऊस तुटला म्हणून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तुटलाच असं नाही.

एखादी चकती कशाशीच जुळत नसेल तर ती बाजूला ठेवा. ओढून-ताणून जुळवलेली एक चकती पूर्ण मालिकेची कड बोथट करते.

मोजणी आणि तपासणी

सरकत्या टेबलाचं मोजयंत्र महाग असतं. सुरुवातीला सपाट स्कॅनर पुरतो. 1200 डीपीआयला एक ठिपका सुमारे 0.02 मिलिमीटरचा, 2400 ला सुमारे 0.01. अरुंद वलयांसाठी 2400 वापरा. चित्रासोबत पट्टी स्कॅन करा, नाहीतर मिलिमीटरचं माप चुकलेलं कळत नाही. मोजण्यासाठी इमेजजे फुकट आहे. कूरेकॉर्डर खास याच कामासाठी बनलंय. दर चकतीवर दोन त्रिज्या मोजा, रेघ नेहमी वलयाच्या कडेला काटकोनात.

कालजुळणी संगणकावर पडताळण्यासाठी कोफेका हा प्रोग्रॅम किंवा आर या संगणक-भाषेतलं डीपीएलआर पॅकेज वापरतात. मालिकेचे 50 वर्षांचे तुकडे 25 वर्षांनी सरकवून ते बाकीच्या झाडांच्या सरासरीशी ताडले जातात. सहसंबंध 0.33 च्या खाली गेला की तो तुकडा संशयित. प्रोग्रॅम सुचवतो की वर्ष एकाने सरकवलं तर जुळतं. त्याच्या सांगण्यावर आकडे बदलू नका, लाकडात कारण सापडलं तरच बदला.

वयाचा उतार काढणं

तरुण झाड रुंद वलयं घालतं, म्हातारं अरुंद. हा उतार वयाचा आहे, हवामानाचा नव्हे. प्रत्येक मालिकेला घसरती वक्ररेषा किंवा स्प्लाइन (लवचीकपणे वळणारी गुळगुळीत रेषा) बसवून प्रत्यक्ष रुंदीला रेषेवरच्या रुंदीने भागायचं. उत्तर 1 च्या आसपास फिरणारा निर्देशांक. स्प्लाइन फार लवचीक ठेवली तर हवामानातला संथ बदलही वयाबरोबर पुसला जातो, आणि तापमान शोधणाऱ्याला नेमका तोच हवा असतो. मालिकेच्या लांबीच्या दोन-तृतीयांश कालखंडाची स्प्लाइन ही रूढ सुरुवात. पन्नास वर्षांच्या झाडांच्या तुकड्यांतून दोनशे वर्षांचा चढउतार निघणार नाही, मग गणित कितीही चांगलं असो.

निर्देशांकांची मजबूत सरासरी म्हणजे तुमची मालिका. तीत झाडांचा समान संकेत किती भरवशाने उतरला आहे हे ईपीएस या आकड्याने पाहतात, 0.85 ही प्रचलित मर्यादा. झाडांचा आपसातला सरासरी सहसंबंध 0.3 असेल तर 14 झाडं लागतात, 0.2 असेल तर 23. मागे जाताना झाडांची संख्या घटते. ईपीएस या मर्यादेखाली गेला तिथे मालिका कापा.

तापमानाशी ताडणं

गोव्यासाठी भारतीय हवामान खात्याचा जाळीबद्ध (नकाशाच्या चौकटींनुसार दिलेला) पाऊस 1901 पासून आणि तापमान 1951 पासून मिळतं. आदल्या वर्षाच्या जूनपासून चालू वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक महिन्याचा निर्देशांकाशी सहसंबंध काढा. गोव्याच्या सागात तापमानाचा उणे सहसंबंध दिसला तर लगेच आनंदू नका. कोरडी वर्षं गरमही असतात. पावसाचा प्रभाव वजा करून आंशिक सहसंबंध काढा. आर मधलं ट्रीक्लिम पॅकेज ते करतं. पाऊस वजा केल्यावर तापमानाचं नातं उरत नसेल, तर झाडाने तापमान नोंदवलेलं नाही. आणि -0.4 सहसंबंध म्हणजे वर्षागणिक चढउताराचा फक्त 16 टक्के भाग समजला.

उतरवून घेतलेल्या सूचिपर्णी मालिकेवर पुढची पायरी करा. उपलब्ध तापमान नोंदीचे दोन भाग पाडा. एका भागावर समीकरण बसवा, दुसऱ्यावर तपासा, मग अदलाबदल करा. आरई (रिडक्शन ऑफ एरर) आणि सीई (कोएफिशियंट ऑफ एफिशियन्सी) हे तपासणीचे दोन आकडे शून्याच्या वर हवेत. खाली गेले तर तुमच्या समीकरणापेक्षा नुसती सरासरी बरी. उत्तरेकडच्या काही जागांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वलयं आणि तापमान यांची साथ सुटते, तेव्हा शेवटची काही दशकं वेगळी तपासा. वलयाच्या रुंदीपेक्षा उशिराच्या, म्हणजे हंगामाच्या शेवटी पडणाऱ्या, लाकडाची कमाल घनता उन्हाळी तापमान जास्त चांगलं धरते. तिला क्ष-किरण लागतात. निळ्या प्रकाशाचं परावर्तन मोजणं हा स्कॅनरवर जमणारा स्वस्त पर्याय, पण तो सूचिपर्णींसाठी. रंगीत गाभ्याच्या सागाला तो लावू नका.

समीकरणातून निघालेली टोकाची वर्षं खऱ्यापेक्षा सौम्य निघतात. हा प्रतिगमनाचा, म्हणजे समीकरण बसवण्याच्या या पद्धतीचा, स्वभाव आहे. म्हणून आलेखावर रेघेभोवती त्रुटीचा पट्टा काढल्याशिवाय "अमुक वर्ष सर्वांत गरम" असं लिहू नका. चकत्या फेकू नका. क्रमांक, तोडीची तारीख आणि ठिपक्यांसह त्या कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा, कारण कोणी तुमच्या एखाद्या वर्षावर शंका घेतली तर उत्तर त्या लाकडातच शोधावं लागेल.